मन्मथअप्पांची मुदत

मन्मथअप्पा एकाच वेळी पाच-सहा गिऱ्हाइकांशी बोलायचे. बीडच्या बाजारात त्यांचं किराणा दुकान होतं. एकीची डाळ तराजूत, दुसऱ्याला तेलाचा भाव सांगणं चालू, तिसरी काय आणायचं ते आठवत उभी. तिला आठवेपर्यंत अप्पा चौथ्याची साखर बांधून मोकळे. "तुमी आठवा, बाई. घाई न्हाई. तुमी बोललात की मी हायेच." गप उभ्या माणसापायी दुकान अडवायचं नाही, पण त्याला हाकलायचंही नाही, ही त्यांच्या घराण्याची रीत.

दुपारी ते आमच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचे. तेव्हा गल्लोगल्ली असे क्लास निघाले होते. मी लग्न होऊन पुण्याहून आलेली, त्याच क्लासमध्ये शिकवणारी आणि नाकावर राग असलेली. "अप्पा, हाताला हळद आहे, कीबोर्ड पिवळा होतोय," म्हणून मी करवादायची. ते हात पायजम्याला पुसून कामाला लागायचे.

आम्ही एक फुकट मिळणारी प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवायचो. जगभरातले लोक आपापसांत मेल करून ती वाढवायचे. तिच्यासोबत बरंच तयार सामान यायचं, त्याला लायब्ररी म्हणत. पण नेटवर्कच्या कामात एक खोट होती. प्रोग्रॅमनं दुसऱ्या मशीनला काही विचारलं, की उत्तर येईपर्यंत तो नुसता बसून राहायचा. अप्पांना ते बघवेना. "हे कसलं दुकान, मॅडम? एकजण खिसे चाचपतोय म्हणून बाकीच्यांनी काय उन्हात उभं राहायचं?"

त्यांनी स्वतःच लिहायला घेतलं. जो बोलेल त्याचं ऐकायचं, बाकीचे आपापल्या जागी उभे, कुणी कुणाला अडवायचं नाही. सकाळी दुकान उघडण्याआधी औरंगाबादला फोन लावून ते इंटरनेट जोडायचे आणि लिहिलेलं पाठवायचे. ती भाषा वाढवणाऱ्या लोकांना ते पसंत पडलं. भाषेच्या पुढच्या आवृत्तीत घेऊ म्हणाले. त्या दिवशी अप्पा शिकवताना मधेच स्वतःशी हसत होते.

पण तिकडच्यांची एक अट होती. समोरचा ठरावीक वेळ गप राहिला, तर त्याचं कनेक्शन आपोआप तोडायचं. ती मुदत आधीच घालून द्या, म्हणजे मुकी, मेलेली कनेक्शनं साचून मशीन भरणार नाही. त्यात चूक काहीच नव्हतं. पण आमची बीडची फोनची लाइन बोलता बोलता मुकी व्हायची आणि चांगला दम खाऊन परत बोलायची. "दम खाती म्हंजे मेली न्हाई," अप्पा म्हणाले. त्यांनी मोठी मुदत मागून पाहिली. ज्याला मोठी हवी त्यानं बदलून घ्यावी, असं उत्तर आलं.

"कोण बदलतंय, मॅडम? जे घालून दिलं तेच ऱ्हातंय."

"हट्ट सोडा," मी म्हणाले. "नाहीतर दुसरा कुणी लिहील आणि तुम्ही बसाल डाळ तोलत." आजही मी तेच म्हणेन. अप्पांचं जेवणातून लक्ष उडालं होतं. सोमवारी ते कपिलधारला समाधीच्या दर्शनाला जाऊन आले आणि दुसऱ्या दिवशी तिकडच्यांना हवी तेवढीच मुदत घालून दिली.

नवी आवृत्ती निघाली, मदत करणाऱ्यांत अप्पांचं नाव आलं. मी पेढे आणले. अप्पा ती आवृत्ती उतरवून घ्यायला बसले. तिकडचं मशीन आता त्यांच्याच कामावर चालत होतं. फाइल निम्मी आली, आमची लाइन गप झाली आणि तिकडून कनेक्शन तुटलं. पुन्हा लावलं, पुन्हा तुटलं. दुपार गेली तशी. मुलं मागं उभी राहून खुसुखुसु हसत होती. अप्पा पडद्याकडं बघत म्हणाले, "बरोबर हाय. मीच सांगितलंय त्याला."

त्यांनी तिकडं कळवलं. अगदी गोड शब्दांत उत्तर आलं, की अशी तक्रार दुसऱ्या कुणाचीच नाही. "ज्यांची तुटती त्यांची तक्रार पोचल कशी, मॅडम?"

त्याच कामाच्या जोरावर त्यांना बंगळूरला नोकरी मिळाली. दुकान धाकट्या भावाकडं आलं. जाताना ते खूश नव्हते, पण तिथं बसून मुदत वाढवून घेईन, असं मला सांगून गेले. मला ते खरं वाटलं. त्यांच्याशिवाय आमचं होतं तरी कोण तिकडं?

वर्ष उलटल्यावर त्यांचा फोन आला. खुशाली झाली. मी सरळ विचारलं, "मुदतीचं काय झालं, अप्पा?"

"हितं लाइन गपच होत न्हाई, मॅडम." ते अडखळले. "परवा मीटिंगमधी विचारलं, मुदत किती ठेवायची. मीच म्हणलो, अजून कमी करा. सगळ्यांनी माना डोलवल्या. जेवताना ध्यानात आलं, आपलं बीड हाय म्हणून."