चमचाताई

"अगं, वीस दिवसांची पोर ती! तिची कसली तपासणी करतेस?"

"वीस दिवसांची आहे म्हणूनच, आई. उद्या प्रयोगशाळा बंद. परवा एकवीस दिवस उलटलेले असतील; तेव्हा नमुना दिला, तर आजार पोटातूनच आला की नंतर लागला, हे कळायचंच नाही. मग औषधाचंही अडणार."

"कानात पाणी असेल. माझा धाकटा चार वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता. आता त्याला गप्प बसवावं लागतं!"

सासू शिवणयंत्र चालवत बोलत होती. हातभर अंतरावर, त्या खडखडाटात, पोर डोळे टक्क उघडे ठेवून पडली होती. पहिल्या आठवड्यात सासूच शेजारणींना कौतुकानं सांगायची, "किती गुणाची! मशीन चालू असलं तरी हूं नाही की चूं नाही." दवाखान्यातल्या कानाच्या तपासणीनंतर ते वाक्य घरात पुन्हा कुणी उच्चारलं नव्हतं.

सून अकरा वर्षं पाळणाघरात कामाला होती. पोरं तिला चमचाताई म्हणत. मऊ भाताचा प्रत्येक घास ती आधी आपल्या ओठांना लावून बघायची, मग तोच चमचा पोराच्या तोंडात. सहा पोरं, एक चमचा. तिच्या हातून एकाचीही जीभ कधी भाजली नाही, याचा केवढा तोरा होता तिला! दिवस गेल्यावर दुसऱ्याच महिन्यात चार दिवस कणकण आली, तीही तिनं अंगावर काढली. चमचा चालूच.

काल डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हा विषाणू लहान मुलांच्या लाळेत, लघवीत महिनोन् महिने असतो. त्यांना बहुतेक काही होत नाही. गरोदर बाईकडून पोटातल्या बाळाला गेला, तर कान जाऊ शकतात. तुमची चूक नाही, तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं."

तिला त्यातला ‘लाळ’ तेवढा शब्द ऐकू आला.

पोर भुकेनं रडायला लागली. सासूनं यंत्र थांबवलं. "पाज आधी!"

"नाही पाजता येत. तपासणीसाठी तिची लाळ घ्यायच्या आधी तासभर दूध द्यायचं नाही. माझ्या दुधातही तो विषाणू असू शकतो." दुधानं तिचा ब्लाउज भिजला होता. "बारापर्यंतच नमुने घेतात, आई. अर्धा तास राहिलाय."

"संध्याकाळी पोरीचा बाप घरी येऊ दे. त्याला विचारून जा."

"संध्याकाळी कुणासाठी उघडं ठेवणारेत?"

तिनं पोरीला दुपट्यात गुंडाळलं. घाईघाईत गाठ दोनदा सुटली. तिसऱ्यांदा सासूनंच पुढे होऊन ती बांधली, आणि गाठीवरचा हात काढलाच नाही.

"आणि निघालाच आजार, तर?" सासूचा आवाज एकदम खाली आला. "आत्ता निदान माहीत नाही म्हणता येतं. उद्या कागदावर आलं, की तुझ्याकडूनच गेला... पोरीकडे बघशील कशी गं?"

सुनेनं तो हात हळूच बाजूला केला, रडणारी पोर छातीशी धरली आणि जिना उतरायला लागली.