डावा बी आणा

माझ्या आत्याने आजवर जेवढे हात धुऊन घेतलेत, तेवढे जिंतूरच्या बसस्टँडवरच्या नळानेही पाहिले नसतील. दारात कुणी आलं की आधी साबण, मग 'कधी आलात'. नुसतं पाणी लावून आलेल्याला ती सरळ परत पाठवते, बोटांच्या बेचक्या चोळायला लावते आणि शेवटी तळव्यावर वाकून साबणाचा वास घेते. वास आला नाही की पुन्हा मोरी. धुतलेले हात पँटीला पुसले म्हणून माझ्या भावाला तिने एकदा भरल्या ताटावरून उठवलं होतं. आम्ही तिला पोट धरून हसायचो.

माझी लेक दिवस भरायच्या आधीच झाली. एवढीशी, धड रडताही येईना. हिला जपा, बाहेरचे जंतू लागले तर झेपायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. तिला घेऊन मी माहेरी आले तशी आत्या बाळंतिणीच्या खोलीच्या उंबऱ्यात तांब्या-साबण घेऊन ठाण मांडून बसली. गल्लीतल्या बायका नाकं मुरडत का होईना, हात धुऊन आत येत. पंचाईत झाली ती पाथरीहून माझे चुलत सासरे आले तेव्हा. मानाचे व्याही! त्यांनी पायांवर पाणी घेतलं, जेवायला बसताना धुवावा तसा उजवा हात तेवढा धुतला आणि आत निघाले. आत्याने तांब्या आडवा धरला. आईच्या तोंडचं पाणी पळालं.

"पाव्हणं, उजवा जेवणापुरता झाला," आत्या म्हणाली. "लेकरू दोन हातांनी घ्यायचं असतंय. डावा बी आणा."

सासरे उंबऱ्याशीच खाली बसले आणि दोन्ही हात पुढे केले. आत्याने पाणी घातलं, साबण दिला, वाकून वासही घेतला. बाळ मांडीवर आल्यावर त्यांचा आवाज मऊ झाला. तुम्ही घेतलं की नाही, असं त्यांनी आत्याला विचारलं. तिने पदराखालचं, चिंधी बांधलेलं बोट वर केलं.

"पिकलंय. बरं होईस्तोवर मी कशी घेऊ?"

सगळ्या गल्लीने माझ्या लेकीला मांडीवर घेतलं होतं, एक आत्या सोडून. मला खाटेवर पडल्या पडल्या रडू फुटलं.

लेक आता शाळेत जाते, चांगली धडधाकट आहे, आणि त्यात आत्याचा वाटा मी जन्मभर विसरणार नाही. जिंतूरला गेलो की पोरगी आधी मोरीवर पळते आणि ओले तळवे आत्यापुढे धरते. आत्याला हल्ली कशाचाच वास येत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. तरी ती ते तळवे नाकाशी नेते, आणि बराच वेळ सोडत नाही.