ओल्या चुन्यातला हात

माझ्या तोंडून हे कधी निघालं नाही. घरच्यांपाशी नाही, देवापाशीसुद्धा नाही — तिथंही मी दुसरंच काहीतरी मागून परत यायची. आज तुम्हाला सांगते.

सारंगखेड्यातलं आमचं घर नवं केलं, तेव्हाची गोष्ट. आमच्या ह्यांचा सागाचा धंदा. धुळ्याला कुणा साहेबाच्या बंगल्यात त्यांनी लाकडी जमीन पाहिली आणि डोक्यात तेच घेतलं. बैठकीची सारवलेली जमीन उकरून सागाच्या फळ्या बसवल्या, भिंतींना चुन्याचा गिलावा, वर हिरवा तेलरंग. गाव बघायला यायचं. मी पदर सावरून मिरवायची — खोटं कशाला बोलू?

फक्त दाराजवळच्या एका जागेला हात लावायचा नाही, असं ह्यांनी बजावलं होतं. तिथं जुन्या मातीत एक पंजा उमटलेला होता. जमनाचा. माझ्या आधीची ह्यांची बायको. नवरी होऊन आली तेव्हा ओल्या भिंतीवर तिनं उजवा हात दाबला होता. आमच्याकडे तशी रीतच. पोरसवदा होती, पुढच्याच पावसाळ्यात तापानं गेली. मी आले तेव्हा मला कुणी भिंतीपाशी नेलं नाही. दुसरेपणाच्या बायकोला कसले सोहळे? उलट सणावारी मीच त्या पंजाला हळदकुंकू लावायचं. माझ्या घरात, माझ्या हातानं, तिला.

आणि तिची आई — म्हसावदची माय. दरवर्षी घोड्यांच्या जत्रेला गाडीतून यायची. डोळ्यांनी जवळजवळ दिसत नव्हतं. जत्रा कसली, ती भिंतीसाठी यायची. त्या पंजावर आपला पंजा ठेवून उभी राहायची. लेकीचं तिच्याजवळ दुसरं काय उरलं होतं? राख तर तापीत गेली. मलाही ती लेकच मानायची, खण आणायची. हे सगळं मला दिसत होतं. तरीही —

हे काठी गावाकडच्या रानात माल बघायला गेले होते. मी मिस्त्रीला म्हटलं, पंजाचा तेवढा खळगा बुजवून टाक. त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं आणि थापी फिरवली. झालं. भिंत गुळगुळीत. मला किती हलकं वाटलं, ते सांगायची आजही लाज वाटते.

दुपारपर्यंत पुरलं ते. मग धास्ती बसली — हे काय म्हणतील? जत्राही जवळ आलेली. चुना अजून ओला होता. मिस्त्री जेवायला बसला तेव्हा मी त्याच जागी माझा पंजा दाबला. त्यानं येऊन पाहिलं आणि थापीनं कडा साफ केल्या. वाळून रंग बसल्यावर ह्यांनाही फरक कळला नाही. उलट भोवती सागाची चौकट ठोकून घेतली त्यांनी.

जत्रेला माय आली. लाकडावर कधी चालली नव्हती. अनवाणी पायांनी फळ्या चाचपत, थांबत थांबत दारातून आत आली.

“हात शे ना वं बेटा?”

“शे ना, माय. जपीसन ठेयेल शे,” आहे, जपून ठेवलाय, असं मी सांगितलं. तिचं मनगट धरून चौकटीपर्यंत मीच नेलं.

तिनं बोटाला बोट लावून पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग हळूच म्हणाली, “मन्ही पोर मोठी व्हयी गयी.”

तिला कळलं होतं का? की खरंच तसं वाटलं? मी कधी विचारलं नाही. मरेपर्यंत ती येत राहिली, माझ्या हाताच्या ठशावर हात ठेवून रडत राहिली, जाताना मला खण देत राहिली. आणि मी ते घेत राहिले.

आता ती नाही, हेही नाहीत. दुपारी घरात कुणी नसलं की दारापासून चौकटीपर्यंत फळ्या वाजतात — एकेक, थांबत थांबत. मी उठून बघत नाही. सणाला माझ्या सुना ‘थोरलीचा हात’ म्हणून त्याला हळदकुंकू लावतात. मी उजवा हात पदराआड घेऊन बाजूला उभी असते.