शेटे सरांचे उंदीर

कॉलेज सोडून इतकी वर्षं झाली, पण आम्ही जुने मास्तर भेटलो की शेटे सरांचं नाव निघतंच. एकाचा किस्सा संपेस्तोवर दुसऱ्यानं तोंड उघडलेलं असतं!

नव्वदीनंतर खासगी कॉलेजांचं पेव फुटलं, तेव्हा गेवराईला हायवेलगत, सरकीच्या जुन्या गोदामात आमचं फार्मसी कॉलेज निघालं. मी केमिस्ट्रीला. शेटे सर थेट अमेरिकेतून आलेले. तिथं त्यांचं काम उंदरांवर. कोकेनची चटक लागलेल्या उंदराला एक एन्झाइम टोचायचं. ते रक्तातच कोकेनचे तुकडे पाडतं, नशा मेंदूपर्यंत पोचूच देत नाही.

त्यांच्या वडिलांचं युसूफ वडगावात किराणा दुकान. पोरगं परत आलं तर म्हातारा म्हणाला, "उंदराची नशा सोडवलीस म्हनं. आपल्या दुकानात पोती कुरतडतेत, त्येंचं काय करतूस का?"

*

सर वर्गात हे शिकवत होते. चकलांब्याचा एक पोरगा उठला. "म्हंजी सर, नाक्यावर वाळूचा ट्रक अडवतेत तसंच की!"

"अगदी तसंच."

"पन सर, नाक्यावरून लई ट्रक सुटतेत."

सर खूश! "माझ्या गाइडनंही हेच विचारलं होतं. फक्त ट्रक म्हणाला नव्हता!"

*

गावात बोभाटा झाला, कॉलेजात कोकेनवाले उंदीर हाईत. वास्तविक आमच्याकडं कोकेनचा कणही नव्हता, उंदीर प्रॅक्टिकलपुरते. तरी पोलीस ठाण्यातले जमादार आले. पिंजऱ्यात उंदीर गाढ झोपलेला.

"नशेत हाय ह्यो!"

"साहेब, उंदीर दिवसा झोपतो."

"भर दुपारी झोपतो म्हंजी नशाच!"

सरांनी खिडकीतून बोट दाखवलं. जमादारांचा शिपाई व्हरांड्यातल्या बाकावर घोरत होता.

*

संस्थेचे अध्यक्ष अण्णा म्हणजे तालुक्यातला वजनदार माणूस. एकदा सरांना म्हणाले, "दारूवर असलंच कायतरी काढा की. इलेक्शनच्या आधी निघालं तर लई नाव हुईल!" दारापर्यंत गेले, थांबले, वळले. "न्हाई सर, इलेक्शन झाल्यावरच काढा!"

*

कॉलेजसमोर कौसाबाईचा चहाचा गाडा होता. नवरा शेषराव पिऊन कुठंही पडायचा. घरात उरलं होतं ते फक्त भांडण. तिनं सरांना गाठलं. "त्ये उंदराचं इंजेक्शन ह्येला द्या."

"बाई, ते फक्त कोकेनवर चालतं. दारूवर नाही."

कौसाबाईनं जरा विचार केला. "मंग ह्येला कोकेनचीच सवय लावू का? औषध तरी हाय त्याच्यावर!"

सर हसले नाहीत. नुसता चहा प्यायले.

*

आणि मग एका सकाळी शेषराव स्वतःच आला. शुद्धीवर. पिंजऱ्यासमोर उकिडवा बसला. मी तिथंच होतो.

"सर, सुई टोचल्यावर उंदीर मागायचं सोडतो?"

"हळूहळू. काही सोडतात, काही नाही."

"सोडतो, त्यो मंग दिसभर काय करतो?"

"खातो, अंग चाटतो. दुसऱ्या उंदरांजवळ जाऊन बसतो."

शेषरावनं पिंजऱ्याच्या जाळीला बोट लावलं. मग म्हणाला, "त्ये बसू देतेत त्याला?"

सरांनी चष्मा काढला. "ते आम्ही कधी पाहिलं नाही, शेषराव."

शेषराव उठला. नळावर तोंड धुतलं, ट्रक जाऊ दिले, रस्ता ओलांडला आणि गाड्यापाशी उभा राहिला. कौसाबाई पेले विसळत होती. तिनं मान वर केली नाही. फक्त गाड्यापुढच्या बाकावरची किटली उचलून खाली ठेवली.