दार कुणाला उघडायचं

इमारतीच्या जिन्याखाली बावीस वर्षं इस्त्री करणाऱ्या बाईला सगळे ‘कडक’ म्हणत. तिच्या कॉलरी कडक असायच्या आणि जीभ त्याहून. शर्टावरचा डाग कसला, हे ती विचारायची नाही; चारचौघांत सांगायची.

वस्तीने पोलिसांना साथ द्यावी अशी योजना आली, तेव्हा इमारतीच्या सेक्रेटरींच्या अंगात आलं. त्यांनी समिती नेमली, गळ्यात अडकवायला शिट्टी आणली आणि पहिल्याच बैठकीत ठराव केला: आवारात बाहेरचं माणूस नको. बाहेरचं माणूस म्हणजे कडक. महिनाअखेर टेबल हलवायचं. चोर काही सापडत नव्हता, निदान इस्त्रीवाली तरी सापडली.

ही योजना ज्याच्या गळ्यात मारली होती, तो हवालदार बैठकीत मान डोलावत बसला होता. गुरुवारी तो साध्या कपड्यांत, चुरगळलेली वर्दी काखेत मारून कडककडे आला.

“इथून उठले तर या वयात नवी गिऱ्हाइकं कुठून आणू, साहेब?”

“ठराव त्यांचा आहे, मावशी. मी नुसता हजर होतो.”

“तुम्ही नेहमी नुसतेच हजर असता. आता आहात तर वर चला. तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा एकटे राहतात. दर सोमवारी त्यांचे कपडे येतात, ते अजून आले नाहीत. बाहेर कुठे गेलेले नाहीत, सकाळी खिडकीत दिसले. हात केला तर पडदा ओढून घेतला.”

हवालदाराला ही काही तक्रार वाटेना. पण वर्दी तिच्या ताब्यात होती, म्हणून तो मुकाट्याने जिना चढला.

बेल वाजवून तो म्हणाला, “पोलीस.”

“खोटं बोलू नका,” आतून आजोबा कुजबुजले. “पोलीस सोमवारपासून माझ्याशी फोनवर बोलताहेत. त्यांनी दार उघडायला मनाई केलीय.”

कुणी भामटा वर्दी घालून फोनच्या पडद्यावर बसला होता आणि अटकेची भीती घालून चार दिवस म्हाताऱ्याला घरात डांबून होता. आज दुपारी आजोबा बँकेतली सगळी पुंजी त्याला पाठवणार होते. खऱ्या पोलिसाने फटीतून ओळखपत्र सरकवलं. ते तसंच परत आलं.

मग कडकने दारावर थाप मारली. “आजोबा, मी आहे. कपडे द्या.”

कडी निघाली. आजोबा तिथेच उंबऱ्यात बसले आणि लहान मुलासारखे रडले. हवालदाराने फोन उचलला, तेव्हा समोरची वर्दी घाईघाईने गायब झाली.

पुढच्या बैठकीत हवालदार पहिल्यांदाच बोलला. प्रत्येकाने चिठ्ठीवर एक नाव लिहायचं: संकटात असताना दार कुणाला उघडाल? सेक्रेटरींनी घसा साफ करून चिठ्ठ्या स्वतः वाचायला घेतल्या. पाचव्या चिठ्ठीनंतर त्यांचा आवाज बसला. त्यांचं नाव एकाच चिठ्ठीवर होतं आणि अक्षरही त्यांचंच होतं. बाकी बहुतेकांनी कडकचं नाव लिहिलं होतं.

“तो ठराव रद्द करा आणि घरी चला,” सेक्रेटरींची बायको पहिल्या रांगेतून म्हणाली.

बाहेरच्या माणसाला बैठकीत खुर्ची नव्हती, म्हणून कडक दाराशी उभी राहून सगळं ऐकत होती. तिला भरून आलं, आणि चारचौघांत ते आलं याचा तिला भयंकर राग आला.