मंगलची नजर चुकवून

माझ्या धाकट्या बहिणीच्या, मंगलच्या आजाराला पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी नाव दिलं, तेव्हा मला आधी रागच आला. बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर. म्हणजे भावना एकदम उसळतात, आज देव वाटणारा माणूस उद्या वैरी वाटतो, आणि आपल्याला सोडून जातील ही धास्ती सतत मनात असते. मी म्हटलं, हिच्या थयथयाटालाही इंग्रजी नाव मिळालं. माझ्या कंबरदुखीला घरात कुणी बामसुद्धा चोळला नव्हता.

तेव्हा गावात मोबाईल दोघा-तिघांकडेच होते. मंगल सासरहून दोनदा भांडून पिंपरी पेंढारला माहेरी परत आलेली, स्वतःच्या हाताला इजा करून घेतलेली. देवऋषी झाले, अंगारे झाले. आई रात्रंदिवस तिच्या उशाशी, आणि दवाखान्याच्या खेपांना मंचरहून, सासरची कामं टाकून, मी. मी जळायचे, खोटं कशाला बोलू?

हे जळणं जुनंच. मंगलच्या पाठीवर भाऊ झाला, त्यात कांद्याची कामं, म्हणून तिला खोडदला आजोळी ठेवलं. आमच्याकडे घरोघरी असंच चालायचं. शाळेच्या वयाला ती परत आली ती पैंजण वाजवत, बेल्ह्याच्या बाजारातला फ्रॉक घालून. मी तेव्हा गोठ्यात शेण भरत होते.

या आजाराच्या तपासणीत सुई टोचत नाहीत, फोटोही काढत नाहीत. बऱ्याच खेपांना नुसतं बोलणं, मंगलशी वेगळं आणि घरच्यांशी वेगळं. एकदा सगळ्यांना एकत्र बसवून बाईंनी लहानपणचं विचारलं. आई सहज म्हणाली, "खोडदला भेटाया जायची मी. पर निघताना नजर चुकवूनच निघायचं. मामा तिला कोंबड्या दाखवायचा, तवर मी यष्टीत."

मंगल माझ्याकडे बघून म्हणाली, "आन् ताई मातर रोज तुझ्या कुशीत."

मी तिच्या पैंजणांवर जळत होते आणि ती माझ्या झोपण्याच्या जागेवर. बाईंनी आईला समजावलं, हा आजार एकाच कारणानं होत नाही. जन्माचा हळवा स्वभाव असतो, त्यावर असे अनुभव साचतात. स्वतःला दोष देऊ नका.

मग मंगलला काही दिवस दवाखान्यात ठेवायचं ठरलं. तिला तिथं ठेवून आमची निघायची वेळ झाली तेव्हा ती चहा पीत होती. आई माझ्या कानाशी लागली, "पिऊ दी तिला. तवर आपण निघू, न्हाईतर लई रडंल."

मी आईचा हात सोडवला आणि मंगलपुढे जाऊन बसले. "आमी निघालो. बुधवारी येनार."

ती लई रडली, माझा पदर सोडेना. पण राहिली.

बुधवारी गेले तर ती बाकावर बसून होती. मला बघून न बघितल्यासारखं करत म्हणाली, "आई कुठंय?" पुन्हा टोचलंच मला.

मंगल सावरली, पण त्याला काही वर्षं लागली. औषधापेक्षा बाईंशी बोलण्याचाच गुण जास्त आला. तुमच्या घरात असं कुणी असेल तर एवढंच करा, रडू द्या, पण सांगून निघा. त्या बाईंचे उपकार आईही मानते. मंगलसाठी लागलेली सांगून निघायची सवय आईच्या अंगात मुरली आहे. आता मंचरला माझ्याकडे आली की परत जाताना ती चुलीपाशी येते. "सुमे, मी निघते बरं का. पुढल्या सोमवारी येते," म्हणते. मी मान वर करत नाही, कारण मला रडू येतं.