कोमट पाणी

पोहण्याच्या मास्तरांनी चाळीस वर्षं एकच विद्या शिकवली. पोराला उचलायचं, खोल पाण्यात टाकायचं आणि काठावर हाताची घडी घालून उभं राहायचं. "पाणीच शिकवतं," असं ते ऐटीत म्हणायचे. पोरं शिकायचीही. त्यांचा स्वतःचा मुलगा तेवढा शिकला नाही. सहाव्या वर्षी त्यालाही असंच टाकलं, नाकातोंडात पाणी गेलं, आणि त्याने पाण्याकडे पाठ फिरवली ती कायमची. मास्तर हा किस्सा चारचौघांत हसत हसत सांगायचे. मुलगा तेव्हा उठून दुसऱ्या खोलीत जायचा.

आता मास्तर निवृत्त झाले होते. बायको जाऊन तीन वर्षं झाली होती आणि मुलगा दूरच्या शहरात होता. दर रविवारी त्याचा फोन यायचा. तब्येत, औषधं, हवा, संपलं. एरवी घर नुसतं खायला उठायचं. काहीतरी जाग असावी म्हणून मास्तरांनी अंडीवालीकडून बदकाची सहा पिल्लं आणली. मशीनमध्ये उबवलेली, चार दिवसांची.

बदकाला पोहणं काय शिकवायचं? मास्तरांनी सहाही पिल्लं मागच्या अंगणातल्या सिमेंटच्या हौदात सोडली आणि चहा टाकायला आत गेले. कप घेऊन बाहेर येईपर्यंत दोन पिल्लं पाण्यावर आडवी झाली होती. उरलेली चार चिंब भिजून, हौदाच्या गुळगुळीत भिंतीवर चढायला धडपडत होती.

अंडीवालीने त्यांची चांगलीच खरडपट्टी काढली. "अहो मास्तर, आईच्या पोटाखाली वाढलं की तिच्या पिसांचं तेल पिल्लांना लागतं, मग पाणी अंगात मुरत नाही. ह्यांना आई कुठंय? आता तुम्हीच व्हा आई!"

मास्तर आई झाले. कोपर बुडवून बघितलेलं कोमट पाणी परातीत दोन बोटं ओतायचं, मधे चढून बसायला चपटा दगड ठेवायचा. घड्याळ लावून पाच मिनिटं. मग एकेकाला टॉवेलात पुसून बल्बखाली. हाताची घडी घालायला फुरसत म्हणून नव्हती. पण रोज परात भरताना ती दोन पिल्लं आठवायची, आणि त्यांच्यामागून काठ शोधणारा सहा वर्षांचा मुलगा. आपण तेव्हा तिथेच होतो, नुसता हात लांब केला असता तरी पुरला असता. मास्तरांना स्वतःची लाज वाटायची. रविवारी सांगायचंच, असं त्यांनी ठरवलं.

रविवारी परात भरतानाच फोन आला. तब्येत झाली, औषधं झाली. हवेवर येण्याआधी मास्तर घाईने म्हणाले, "दोन पिल्लं गेली रे माझ्या हातून. थेट हौदात सोडली होती."

"मग आता उरलेल्यांचं काय करता?"

"कोमट पाणी घेतो. जवळच बसतो. दमली की काढतो, पुसतो."

मुलाने दार लोटून घेतल्याचा आवाज आला.

"बाबा, त्या दिवशी पाणी फार गार होतं हो."

"हो," मास्तर म्हणाले. "आणि मी हात दिला नाही. चुकलं माझं."

पलीकडे कुणीतरी नाक ओढलं. "ठेवतो, बाबा." हवेचं विचारायचं राहूनच गेलं.

मास्तरांनी परातीत कोपर बुडवून पाहिलं. पाणी निवलं होतं. त्यांनी ते ओतून दिलं आणि दुसरं तापवायला ठेवलं.